इराक-कुवेतच्या कंत्राटावर निघालेल्या भाच्यास

तुझं ऑफर लेटर ताईने पाठवलं, ते मी नीट वाचलं. पगार चांगला आहे आणि एसी-चिलरचं काम तुझ्या हातातलं आहे. पण नोकरीच्या ठिकाणापुढे लिहिलंय, ‘कुवेत, इराक किंवा कंपनी ठरवेल ते ठिकाण’. तिथे मी थांबलो. ‘कंपनी ठरवेल ते ठिकाण’ यावर सही करून आलेली माणसं मी कुवेतच्या कॅम्प ऑफिसात बसून पाहिली आहेत. मी वकील नाही, पण हजेऱ्या, गेट पास, अपघाताचे फॉर्म आणि मयताचे कागद सांभाळण्यातच माझी नोकरी गेली. रॉकेट पडायच्या आधी सायरन तरी वाजतो. कागदात राहिलेली खोट मात्र माणूस जायबंदी झाल्यावरच कळते. तेव्हा हे शांतपणे वाच, आणि आई-बाबांनाही वाचून दाखव. यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

आधी नेपाळच्या बारा जणांचं ऐक. २००४ सालची गोष्ट. जॉर्डनमध्ये, अम्मानच्या मोठ्या हॉटेलात नोकरी आहे असं सांगून या पोरांना घरून नेलं. तिथे पासपोर्ट काढून घेतले आणि इराकमधल्या अल-असद या अमेरिकी तळाकडे गाड्यांतून रवाना केलं, असं त्यांच्या कुटुंबांनी पुढे दाव्यात मांडलं. वाटेतच त्यांना पळवण्यात आलं आणि ऑगस्ट संपता संपता सगळ्यांना ठार मारण्यात आलं. घरच्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, अमेरिकेच्या कामगार खात्याकडे विम्याची भरपाई मागायची. दुसरी, मुख्य कंत्राटदार केबीआर आणि जॉर्डनचा पोटकंत्राटदार यांच्यावर अमेरिकेत खटला भरायचा. पहिल्या वाटेने २००८ मध्ये भरपाईचा आदेश मिळाला. दुसरी वाट त्यांनी वर्षानुवर्षं तुडवली, आणि २०१७ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयानेही केबीआरच्याच बाजूने निकाल दिला. एवढा उघडउघड अन्याय, पण केबीआरविरुद्ध न्यायालयात पदरात काही पडलं नाही. जे मिळालं ते विम्याच्या कायद्याने. म्हणून तो कायदा तुला पाठ पाहिजे.

त्याचं नाव डिफेन्स बेस ॲक्ट, साल १९४१. परदेशातल्या अमेरिकी लष्करी तळावर किंवा अमेरिकी सरकारच्या परदेशातल्या सार्वजनिक कामावर माणसं लावणाऱ्या कंपनीने त्यांचा विमा उतरवलाच पाहिजे, असं हा कायदा सांगतो. माणूस अमेरिकन आहे, नेपाळी आहे की चिपळूणचा, याने काही बदलत नाही. तो मुख्य कंत्राटदाराच्या पटावर आहे की पोटकंत्राटदाराच्या, यानेही नाही. इजा झाली तर औषधोपचाराचा खर्च विम्याकडून. पूर्ण अपंगत्व आलं तर सरासरी आठवड्याच्या मजुरीचा दोन-तृतीयांश. मृत्यू झाला तर विधवेला त्या मजुरीचा अर्धा हिस्सा, मुलं असतील तर मिळून दोन-तृतीयांशापर्यंत. कंपनीने विमाच उतरवला नसेल तर तो गुन्हा आहे, आणि मग कामगाराला थेट कंपनीवर दावा लावता येतो.

आणखी एक. इजा ड्युटीवरच झाली पाहिजे, असं सुपरवायझर सांगेल. ते खरं नाही. ग्वाम बेटावर एका कंपनीने कामगारांसाठी समुद्रकाठी विरंगुळ्याची जागा केली होती. तिथे संकटात सापडलेल्या दोघांना वाचवायला पाण्यात उतरलेला एक कामगार स्वतःच बुडाला. ड्युटी नव्हती, पोहायला मनाई होती. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये त्याच्या आईच्या बाजूने निकाल दिला, कारण माणसाला अशा धोक्याच्या जागी नोकरीनेच नेऊन ठेवलं होतं. तेव्हा खोलीत झोपलेला असताना छपरावर काही येऊन पडलं तरी तो तुझा हक्कच आहे.

आता तुझ्या ऑफर लेटरकडे वळू. लेटरवर कुवेतच्या कंपनीचा शिक्का आहे. पण ती कंपनी कोणाची पोटकंत्राटदार, तिच्यावर मुख्य कंत्राटदार कोण, आणि मुख्य कंत्राटाचा क्रमांक काय, हे कुठेच नाही. आम्ही कॅम्पवर त्यांना ‘प्राइम’ आणि ‘सब’ म्हणायचो, आणि आम्हाला सगळे ‘टीसीएन’ म्हणायचे, म्हणजे तिसऱ्या देशाची माणसं. प्राइमखाली सब, त्याखाली आणखी एक सब, त्याखाली माणसं पुरवणारा, आणि त्याखाली मुंबईचा एजंट, अशी ती उतरंड असते. पगार थकला, पासपोर्ट अडकला, माणूस जखमी झाला, की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. सगळ्यात वरचा क्रमांक ज्याच्याकडे आहे त्याचीच तक्रार योग्य टेबलावर पोचते. तेव्हा चार गोष्टी ईमेलवर विचार: मुख्य कंत्राटदाराचं नाव, मुख्य कंत्राटाचा क्रमांक, डिफेन्स बेस ॲक्टचा विमा कोणत्या कंपनीचा, आणि पॉलिसी क्रमांक. तोंडी उत्तर घेऊ नकोस. ‘तिकडे गेल्यावर कळेल’ असं म्हणाले, तर तुझं उत्तर मिळालं असं समज.

काम कोणाच्या पैशाने चाललंय यावर कायदा बदलतो, हेही ध्यानात घे. मे २०१८ मध्ये अफगाणिस्तानच्या बघलान प्रांतात आपल्या मुंबईच्या केईसी इंटरनॅशनलसाठी काम करणाऱ्या सात भारतीयांचं अपहरण झालं. ते अफगाण सरकारी वीज कंपनीच्या वाहिनीवर होते. काही जण सुटायला वर्षाहून जास्त काळ गेला. जिथे अमेरिकी सरकारचं कंत्राट नाही तिथे हा अमेरिकी विमा तुझ्या कामाचा नाही. मग मालकाची स्वतःची पॉलिसी काय म्हणते एवढंच उरतं. भारतात नोंदलेल्या कंपनीने इथून नेलेल्या माणसांसाठी आपल्या १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यात १९९५ मध्ये खास कलम घातलं गेलं होतं, पण कुवेतमध्ये नोंदलेल्या कंपनीला ते लागत नाही. वैयक्तिक अपघात विमा काढलास तर अपवादांचं पान वाच. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती बहुधा तिथेच वगळलेली असते.

आता घरच्या कागदांचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त नुकसान सोसतात.

डिफेन्स बेस ॲक्टमध्ये परदेशी कामगाराच्या कुटुंबासाठी एक वेगळं कलम आहे. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाचा मृत्यू झाला तर भरपाईचा हक्क फक्त बायको-मुलांना. ती नसतील तर आई किंवा वडिलांना, पण कामगाराने अपघाताआधीचं वर्षभर त्यांना पोसलेलं असलं पाहिजे, पूर्णपणे नाही तर निदान काही अंशी. भाऊ-बहिणीला काही नाही. तू अजून बिनलग्नाचा. म्हणजे ताई आणि भावोजी तुझ्यावर अवलंबून होते हे पुराव्याने दाखवावं लागेल. तेव्हा पहिल्या पगारापासून दर महिन्याला, रक्कम लहान असली तरी चालेल, तुझ्या खात्यातून आईच्या खात्यात बँकेने पैसे पाठव. कॅम्पवर हुंडीवाले भेटतील. भाव दोन पैसे जास्त देतील आणि घरपोच नोटा पोचवतील. त्या नोटांची कुठेच नोंद नसते, आणि हुंडी आपल्याकडे बेकायदाही आहे. वर्षभर घरी व्यवस्थित पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या आईला ‘तो तुम्हाला काही देत होता याचा पुरावा काय?’ असं विचारलं जातं, तेव्हा तिच्या हातात बँकेचं पासबुक असलं पाहिजे.

याच कलमात आणखी एक वाईट गोष्ट आहे. विमा कंपनीने अर्ज केला तर परदेशी कुटुंबाचे पुढचे सगळे हप्ते एकरकमी हिशेबात मोजून त्याच्या निम्मी रक्कम देऊन प्रकरण मिटवता येतं. अमेरिकन विधवेला पूर्ण, आपल्या विधवेला निम्मं. तोच तळ, तेच रॉकेट. माझ्या मते हा कायद्यातला सरळसरळ अन्याय आहे आणि तो काढून टाकला पाहिजे. पण आज तो आहे, आणि घरच्यांनी तो माहीत ठेवूनच बोलणी केली पाहिजेत.

नावांचं बघ. तुझ्या पासपोर्टवर एक नाव, दहावीच्या दाखल्यावर स्पेलिंग वेगळं, आधारवर तिसरंच. ताईचं माहेरचं नाव तुझ्या जन्मदाखल्यावर आहे आणि बँकेत सासरचं. इथे कोणी विचारत नाही, म्हणून आपण सोडून देतो. परदेशातल्या विमा कंपनीचा माणूस मात्र याच एका अक्षरावर महिनोन्‌महिने फाईल अडवून ठेवतो. जायच्या आधी राजपत्रात नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते करून घे. पुढेमागे लग्न केलंस तर मंगल कार्यालयाच्या पावतीवर आणि फोटोंवर थांबू नकोस. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाहनोंदणी करून दाखला घे, आणि मूल झालं की जन्मदाखला पूर्ण नावानिशी. ऑफर लेटर, करार, पासपोर्ट, व्हिसा, विम्याचा पॉलिसी क्रमांक, कॅम्पचं ओळखपत्र, दर महिन्याची पगाराची स्लिप, सगळ्याचे फोटो घरी राहू देत. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा फक्त तुझ्या फोनमध्ये ठेवू नकोस. स्फोटात फोन जातो, आणि कंपनीचं ईमेल खातं नोकरीबरोबरच बंद होतं.

स्लिपबद्दल एक बारीक गोष्ट. मूळ पगार थोडा आणि बाकी सगळं ‘भत्ता’ म्हणून रोखीत, असं कोणी सुचवलं तर कबूल होऊ नकोस. भरपाईचा हिशेब मजुरीवर होतो. ओव्हरटाइम आणि धोक्याचा भत्ता जर स्लिपवर दिसलाच नाही, तर तो तू कधी कमावलाच नाहीस असं धरून चालतील.

इजा झाली तर काय करायचं, ते एका पोराच्या उदाहरणाने सांगतो. मेसमध्ये भांडी धुणाऱ्या यंत्रापाशी ओल्या फरशीवर तो घसरला आणि मनगट मोडलं. सुपरवायझरने अपघाताचा फॉर्म भरला. घटनेचं ठिकाण: लेबर क्वार्टर. वेळ: ड्युटीनंतर. पोराला इंग्रजी येत नव्हतं, त्याने खाली सही केली. फॉर्म माझ्या टेबलावर आला तेव्हा मी त्याच्याकडे दवाखान्याची चिठ्ठी मागितली. जपून घडी करून खिशात ठेवलेली होती. त्यावर डॉक्टरने वेळ लिहिली होती, सकाळची, ऐन नाश्त्याच्या घाईची, आणि वर रबरी शिक्का होता. त्या एका चिठ्ठीवर फॉर्म बदलला गेला. ती नसती तर त्याचं मनगट त्याच्या खोलीत मोडलं होतं, असंच राहिलं असतं.

तर नियम असा. कितीही किरकोळ लागलं तरी तळावरच्या दवाखान्यात जा आणि चिठ्ठी घे. कंपनीला लेखी कळवण्याची मुदत ३० दिवस, फॉर्म एलएस-२०१. दावा वर्षभरात, फॉर्म एलएस-२०३. मृत्यूचा दावा घरच्यांनी करायचा तो एलएस-२६२ वर. फुफ्फुसाचे, मनाचे आजार हळूहळू जडतात, त्या व्यावसायिक आजारांना ते कामामुळे झाल्याचं कळल्यापासून दोन वर्षं. मनाचा आजारही यात धरला जातो, तो बोलून दाखवायची लाज वाटू देऊ नकोस. घरी परत आल्यावर रात्री दचकून उठणारी माणसं मी पाहिली आहेत. गावात त्यांना देवऋषीकडे नेतात आणि मुदत निघून जाते.

आणि ज्या कागदावर ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ असं लिहिलंय त्यावर सही करू नकोस. भरपाईचा हक्क कामगाराने आधीच सोडून देण्याचा करार अमेरिकी कायद्याला मान्यच नाही, आणि तडजोड करायची झाली तरी ती कामगार खात्याचा अधिकारी किंवा न्यायाधीश यांनी मंजूर करावी लागते. वकिलाची फीसुद्धा त्यांच्याच मंजुरीने ठरते. ‘भरपाई मिळवून देतो, अमुक टक्के आगाऊ द्या’ असं म्हणणारा गावातला, मुंबईतला किंवा दुबईतला कोणीही असो, त्याला घराच्या पायरीवरूनच परत पाठवायचं, हे ताईला नीट समजावून सांग.

एजंटचा विषय निघाला आहे तर तोही उरकतो. आपल्या उत्प्रवासन नियमांत नोंदणीकृत एजंटने कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. पण अमेरिकी सरकारी कंत्राटाच्या अटी त्याहून कडक आहेत. मानवी तस्करीविरोधी कलमानुसार भरतीचं शुल्क कामगाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, पासपोर्ट दाबून ठेवायचा नाही, कामाचं ठिकाण आणि पगार याबद्दल खोटं सांगायचं नाही, लेखी करार त्याला समजेल त्या भाषेत आणि निघायच्या किमान पाच दिवस आधी द्यायचा, आणि काम संपल्यावर परतीची सोय करायची. २०१५ पासून या अटी बऱ्याच घट्ट झाल्या. तुझ्याकडे दीड-दोन लाख मागितले तर पावती माग. पावती द्यायला तयार नसेल तर तिथूनच पाय मागे घे. पासपोर्ट तर भारत सरकारची मालमत्ता आहे, १९६७ च्या कायद्याने. व्हिसाच्या शिक्क्यासाठी दिलास तर पोच घे आणि आठवडाभरात मागून घे.

तिथे तुला कोणता कायदा लागतो? इराकचा, कुवेतचा, अमेरिकेचा आणि आपला, हे सगळेच लागू शकतात. इराकमधल्या तात्पुरत्या अमेरिकी प्रशासनाच्या जून २००४ च्या सतराव्या आदेशाने इराकमधल्या परदेशी कंत्राटदारांना इराकी न्यायालयांपासून मोकळीक दिली होती. त्याच काळात, १६ सप्टेंबर २००७ रोजी, बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला आणि १७ इराकी माणसं मारली गेली. १ जानेवारी २००९ पासून ती मोकळीक गेली. २०११ मध्ये इराकी न्यायालयाने एका ब्रिटिश सुरक्षारक्षकाला दोन सहकाऱ्यांच्या खुनाबद्दल २० वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेनेही आपल्या लष्करी न्यायाचा हात २००६ मध्ये कंत्राटी माणसांपर्यंत लांबवला, आणि इराकमधल्या एका दुभाष्यावर, जो अमेरिकन नव्हता, लष्करी न्यायालयात खटला चालवला. तो निकाल २०१२ मध्ये वरच्या न्यायालयात टिकला. आणि भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेला गुन्हा आपल्या न्याय संहितेच्या कक्षेत येतोच. ब्लॅकवॉटरच्या चौघांना २०१४ मध्ये दोषी ठरवलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तशी माफी तुझ्या-माझ्यासारख्याच्या वाट्याला येत नाही.

त्या खटल्यातली एक गोष्ट मात्र तुझ्या उपयोगाची. तो २००९ च्या अखेरीस एकदा फेटाळला गेला होता, कारण घटनेनंतर रक्षकांकडून नोकरीच्या धाकाने जबाब घेतले होते आणि ते पुढे त्यांच्याविरुद्ध वापरले गेले, असं न्यायाधीशांना आढळलं. २०११ मध्ये खटला पुन्हा उभा राहिला. कॅम्पवर काही घडलं, गाडी कोणावर गेली, आग लागली, माणूस मेला, की लगेच तुझ्यापुढे कागद येईल. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही. ‘मला वाटतं’, ‘लोक म्हणत होते’ हे लिहू नकोस. दुसऱ्याने टाइप केलेल्या जबाबावर सही करण्याआधी दुभाष्या माग आणि प्रत माग. प्रत दिली नाही तर फोटो काढायची परवानगी विचार, आणि नकार दिला तर कोणी, कधी दिला, तेवढं वहीत टिपून ठेव.

बंदूक हातात धरू नकोस. फोटोपुरतीही नाही, पहाऱ्यावरचा दोस्त जेवायला गेला म्हणून पाच मिनिटंही नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्याबरोबर असलेले पुरवठादार, मजूर-तुकड्या यांना, सैन्याची परवानगी असेल तर, पकडले गेल्यास युद्धकैद्याचा दर्जा आहे. त्यासाठीच ओळखपत्र देतात. पण नागरिक म्हणून मिळणारं संरक्षण लढाईत हात घातला की त्या वेळेपुरतं सुटतं. शस्त्र बाळगायला कंत्राटी माणसाला वरून लेखी परवानगी लागते. एसी मेकॅनिकला ती कोण देणार? तळाचे, वाहनांचे, जखमींचे फोटो कोणाला पाठवू नकोस. तांब्याची तार, डिझेल, जुना कॉम्प्रेसर यातलं काहीही फाटकाबाहेर नेऊ नकोस. ‘भंगारच आहे’ असं सगळे म्हणतील, पण ती सरकारी मालमत्ता आहे, आणि एकदा बॅज काढून घेतला की दुसऱ्या तळावरही काम मिळत नाही.

तुझा अनुभव पाहता तुला लवकरच चार माणसांवर फोरमन करतील. तेव्हा टाइमशीट तुझ्या सहीने जाईल. हजर नसलेल्याचे तास भरायला सांगितलं तर नाही म्हण. अमेरिकेत सरकारला खोटं बिल दिलं तर १८६३ च्या कायद्याने तिप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. तो यादवी युद्धातल्या लबाड पुरवठादारांसाठीच केलेला कायदा आहे, आणि चौकशी आली की पहिली सही ज्याची त्यालाच बोलावतात. गैरप्रकार सांगणाऱ्या कामगाराला, पोटकंत्राटदाराच्या नोकरालासुद्धा, त्यांच्या कायद्यात संरक्षण आहे. पण ते मागायला तारखा आणि लेखी पुरावा लागतो.

सरकारी कंत्राट सरकारच्या सोयीने कधीही थांबवता येतं, तशी अटच असते. वरचं कंत्राट थांबलं की खालचा सब पगार थकवतो, आणि कधी कधी ऑफिसला कुलूप लावून निघून जातो. लष्करी विमानाने थेट तळावर उतरलेल्या माणसाच्या पासपोर्टवर काही वेळा त्या देशाचा व्हिसाही नसतो. फाटकाच्या आत तो कामगार, बाहेर पाऊल टाकलं की बेकायदा परदेशी. म्हणून परतीच्या तिकिटाची अट करारात पाहिजे, आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे ठेव, घरी पाठवू नकोस. पगार एक महिना थकला की त्याच महिन्यात प्राइमला लेखी कळव, मुख्य कंत्राटाचा क्रमांक घालून.

आपल्या सरकारकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. जुलै २००४ मध्ये कुवेती कंपनीच्या तीन भारतीय ड्रायव्हरांना इराकमध्ये ओलीस ठेवलं होतं. १ सप्टेंबरला ते सुटले. त्या काळात सरकारने इराकला कामासाठी जायला बंदी घातली होती. बंदी असताना गेलेल्या माणसाची कुठे नोंदच नसते. २०१४ मध्ये मोसुलला पळवलेल्या ३९ बांधकाम कामगारांचा मृत्यू मार्च २०१८ मध्ये संसदेत जाहीर झाला. तोपर्यंतची जवळजवळ चार वर्षं त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील! तू दहावी पास, म्हणून तुझ्या पासपोर्टला ईसीआरचा शिक्का नाही आणि उत्प्रवासनाच्या मंजुरीची सक्ती नाही. ती सोय आहे खरी, पण तिच्यामुळे तू सरकारच्या नोंदीबाहेर राहतोस. पोचल्याबरोबर दूतावासात नाव नोंदव, आणि ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी करायची ते ताईला आत्ताच शिकवून ठेव.

शेवटचं. रशियात ‘हेल्पर’चं काम म्हणून नेलेली भारतीय पोरं युक्रेनच्या आघाडीवर उभी केली गेली. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये त्याबद्दल गुन्हा नोंदवून मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. त्यांच्याही हातात ऑफर लेटरच होतं.

या सोमवारी एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर स्वतः तपास, आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात जाऊन तोच क्रमांक पुन्हा विचार. मग कंपनीला ईमेल कर: ठिकाणाचं नाव लिहा, मुख्य कंत्राटाचा क्रमांक द्या, डिफेन्स बेस ॲक्टच्या पॉलिसीचा क्रमांक द्या. उत्तर आलं तर ते मला पाठव, मी वाचतो आणि मग तू खुशाल जा. उत्तर आलं नाही तर सही करू नकोस.